सातत्यातील चूक आणि चुकीचे सातत्य : अंधेरी-मरोळ परिसरातील शीशमहाल ते मराठी इतिहासपट

सारांश

चित्रपटांतील चुकांचा विचार बहुधा विनोदाच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत निबंधात त्यांचा विचार इतिहासलेखनाच्या दृष्टीने केला आहे. अंधेरी-कुर्ला मार्गावरील मोहन स्टुडिओत उभारलेला ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल हे मुख्य उदाहरण घेऊन, दृश्यातील किरकोळ विसंगती आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ऐतिहासिक चूक यांतील भेद स्पष्ट केला आहे. पहिली चूक लगेच दिसते आणि दुरुस्तही होते. दुसरी दिसत नाही, म्हणून टिकते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : चित्रपट, सातत्य, कालविपर्यास, दंतकथा, साधनचिकित्सा, मरोळ.

१. प्रास्ताविक

मरोळ परिसरातील सीप्झच्या कुंपणाच्या आत, कारखान्यांच्या आणि संगणक कंपन्यांच्या इमारतींमध्ये, एका जुन्या चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. सेंट जॉन बाप्टिस्ट या नावाने ओळखले जाणारे हे चर्च पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले. एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या सुमारास, साथीच्या रोगामुळे तेथील वस्ती उठली आणि ख्रिस्ती समाजाचे उपासनास्थान मरोळ गावात आले. आज या अवशेषांची माहिती परिसरातील फार थोड्यांना असते.

याच परिसरातून जाणाऱ्या अंधेरी-कुर्ला मार्गावर १९५० च्या दशकात आणखी एक वास्तू उभी राहिली. ती लाकूड, प्लास्टर आणि काच यांची होती. मोहन स्टुडिओत के. आसिफ यांनी ‘मुघल-ए-आझम’साठी उभारलेला तो शीशमहाल होय. तो स्टुडिओ आज उरलेला नाही, आणि त्या मार्गावरून २०१४ पासून वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावते. वास्तू नाहीशी झाली, तथापि तिचे चित्र मात्र देशातील कोट्यवधी लोकांच्या मनात कायम आहे. अकबराचा दरबार म्हटले की डोळ्यांसमोर तोच शीशमहाल येतो.

या दोन वास्तूंमध्ये एक विलक्षण नाते आहे. चर्च खरोखर अकबराच्या काळातील आहे. शीशमहाल अकबराच्या काळातील असल्याचे भासवतो, परंतु तो त्या काळातील नाही. खरी वास्तू विस्मरणात जावी आणि भासमान वास्तू इतिहास म्हणून स्थिरावावी, हे कसे घडते? चित्रपटांतील चुकांचा अभ्यास करताना हाच प्रश्न मध्यवर्ती ठरतो.

२. चुकांचे प्रकार

चित्रपटातील दृश्ये कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. एखाद्या खोलीतील सर्व प्रसंग, ते कथेत आरंभी असोत वा अखेरीस, त्या खोलीचा सेट उभा असतानाच उरकले जातात. त्यामुळे पात्राचा पोशाख, केसांची ठेवण, पेल्यातील पाण्याची पातळी, भिंतीवरील घड्याळाचे काटे या सर्वांची नोंद ठेवावी लागते. चित्रपटव्यवसायात यासाठी ‘कंटिन्युइटी’ हा शब्द रूढ आहे; मराठीत त्याला सातत्य म्हणता येईल. ही नोंद चुकली की एका दृश्यात डाव्या हातात असलेली वस्तू पुढच्या दृश्यात उजव्या हातात दिसते. ही सातत्यातील चूक होय.

सातत्य राखण्यासाठी किती परिश्रम घेतले जातात याचे बोलके उदाहरण म्हणजे बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ (१९५८). या चित्रपटाचे बाह्यचित्रण नैनितालच्या परिसरात झाले होते. परंतु चित्रफीत धुतल्यावर तिचा बराचसा भाग खराब झाल्याचे आढळले. पुन्हा तेथे जाणे परवडणारे नसल्याने इगतपुरीजवळ, वैतरणा धरणाच्या परिसरात, कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांनी पाइनची कृत्रिम झाडे उभी केली आणि कुमाऊँचे अरण्य सह्याद्रीत आणले. प्रेक्षकांना सांधा जाणवला नाही. भूगोलाच्या दृष्टीने हे असत्य असले तरी सातत्याच्या दृष्टीने ते निर्दोष आहे.

दुसरा प्रकार वस्तुस्थितीविषयक चुकीचा. त्यातही जी वस्तू, प्रथा वा शब्द ज्या काळात नव्हता तो त्या काळात दाखविणे म्हणजे कालविपर्यास. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’ (२००१) या चित्रपटाची कथा १८९३ मधील आहे. इंग्लंडमध्ये १८८९ पासून शतकाच्या अखेरीपर्यंत एका षटकात पाच चेंडू टाकण्याची पद्धत होती. सहा चेंडूंचा नियम १९०० मध्ये आला. चित्रपटातील सामना मात्र सहा चेंडूंच्या हिशेबाने खेळला जातो. या ठिकाणी मराठी भाषकाला आणखी एक गंमत जाणवेल. आपण ज्याला ‘षटक’ म्हणतो त्या शब्दातच सहा ही संख्या दडलेली आहे. पाच चेंडूंच्या त्या डावाला षटक म्हणणे हाही एक कालविपर्यासच, आणि तो आत्ताच या निबंधातही घडला आहे. नंतरच्या काळाचे शब्द आपण नकळत आधीच्या काळावर कसे चढवतो, याचा हा घरचाच पुरावा म्हणावा लागेल.

तिसरा प्रकार हा चूक नसून संकेत असतो. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटाच्या आरंभी तीन भावांचे रक्त एकाच वेळी त्यांच्या आईला दिले जाते. वैद्यकीय दृष्ट्या हे अशक्य आहे. तथापि तीन धर्मांत वाढलेली तीन मुले आणि एक माता हा त्या दृश्याचा अर्थ प्रत्येक प्रेक्षकाला कळतो. कोणीही ते वैद्यकशास्त्राचा धडा म्हणून पाहत नाही. अकबराने पडद्यावर उर्दूत बोलणे किंवा मराठी चित्रपटातील मोगल सरदाराने मराठीत बोलणे हाही असाच संकेत आहे. संकेताला चूक म्हणणे म्हणजे टीकेचा अतिरेक होय, आणि चुकीला संकेत म्हणून सोडून देणे म्हणजे टीकेचा अभाव होय. अभ्यासकाने हे दोन्ही टाळले पाहिजे.

३. मोहन स्टुडिओतील शीशमहाल

‘मुघल-ए-आझम’ची निर्मिती ही स्वतःच सातत्यभंगाची कहाणी आहे. १९४० च्या दशकात वेगळ्या नटसंचासह चित्रीकरणास आरंभ झाला होता. फाळणीनंतर निर्माते शिराझ अली हकीम पाकिस्तानात गेले आणि १९४९ मध्ये अकबराची भूमिका करणारे चंद्रमोहन यांचे निधन झाले. पुढे शापूरजी पालनजी यांच्या अर्थसाहाय्याने, पृथ्वीराज कपूर, दिलीपकुमार, मधुबाला आणि दुर्गा खोटे यांना घेऊन चित्रपट नव्याने सुरू झाला. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात तो प्रदर्शित झाला. बहुतांश चित्रपट कृष्णधवल असून शीशमहालातील नृत्यगीत आणि अखेरचा भाग रंगीत आहे. आज हा बदल डोळ्यांना खटकतो. परंतु तो निर्मितीच्या काळात रंगीत चित्रणाचे तंत्र उपलब्ध होत गेल्याचा पुरावा आहे. २००४ मध्ये संगणकाच्या साह्याने संपूर्ण चित्रपट रंगीत करण्यात आला आणि हा पुरावा सामान्य प्रेक्षकाच्या नजरेआड झाला.

कलादिग्दर्शक एम. के. सय्यद यांच्या देखरेखीखाली शीशमहाल उभारण्यास सुमारे दोन वर्षे लागली. त्याची लांबी १५० फूट, रुंदी ८० फूट आणि उंची ३५ फूट असल्याचे सांगितले जाते. काचकामासाठी फिरोझाबादचे कारागीर आणले होते. असंख्य आरशांत दिव्यांची प्रतिबिंबे पडत असल्याने तेथे चित्रण होणेच अशक्य, असे अनेकांचे मत होते. छायाचित्रणकार आर. डी. माथुर यांनी थेट प्रकाशाऐवजी परावर्तित प्रकाश वापरून ती अडचण दूर केली. एका नर्तिकेची शेकडो प्रतिबिंबे छतावर उमटण्याचे ते दृश्य भारतीय चित्रपटाच्या इतिहासात अजोड मानले जाते.

आता ऐतिहासिक वस्तुस्थिती पाहू. लाहोरच्या किल्ल्यातील आणि आग्र्याच्या किल्ल्यातील शीशमहाल शाहजहानच्या कारकीर्दीत, १६३० च्या दशकात, बांधले गेले. आमेरचा प्रसिद्ध शीशमहालही सतराव्या शतकातीलच. अकबराचा मृत्यू १६०५ मध्ये झाला. म्हणजे नातवाच्या काळातील वास्तुशैली आजोबांच्या दरबारात उभी करण्यात आली आहे. अकबराच्या काळाची खरी वास्तुशैली फत्तेपूर सिक्रीच्या लाल दगडात आजही पाहता येते; तिच्यात भव्यता आहे, पण आरशांचा झगमगाट नाही.

कथानकाची स्थितीही अशीच आहे. सलीमचा जन्म १५६९ चा. १५८५ मध्ये त्याचा पहिला विवाह झाला. १६०० च्या सुमारास त्याने पित्याविरुद्ध बंड केले तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि त्याची मुलेही मोठी होत होती. भावी शाहजहान त्या वेळी आठ वर्षांचा होता. अलाहाबादेस त्याने स्वतंत्र दरबार थाटला, परंतु पिता-पुत्रांत समोरासमोर घनघोर लढाई झाली नाही. बंडातील सर्वांत भीषण घटना म्हणजे १६०२ मध्ये सलीमच्या चिथावणीवरून वीरसिंह बुंदेल्याने केलेला अबुल फझलचा खून. राजकीय सत्तेसाठी झालेला हा संघर्ष चित्रपटात एका दासीवरील प्रेमाचा संघर्ष झाला आहे.

४. चुकीची वंशावळ

या चुकांचा दोष एकट्या के. आसिफ यांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. अनारकलीची कथा पडद्यावर जन्मली नाही. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६११ मध्ये लाहोरला आला होता. त्याच्या वृत्तांतात या कथेचे एक आरंभीचे रूप आढळते. पुढे ती लोकांच्या तोंडी वाढत गेली. इम्तियाझ अली ताज यांनी १९२२ मध्ये तिच्यावर उर्दू नाटक लिहिले. विशेष म्हणजे, या कथेला ऐतिहासिक आधार सापडत नाही, हे ताज यांनी स्वतःच मान्य केले होते. नाटकावरून मूकपट आले, मूकपटांनंतर बोलपट आले, आणि प्रत्येक पायरीवर मूळ कबुली मागे पडत गेली. १९६० पर्यंत ती कथा इतिहास झाली होती.

जोधाबाईची गोष्ट याहून बोधप्रद आहे. आमेरच्या राजा भारमलाच्या कन्येचा अकबराशी १५६२ मध्ये विवाह झाला. मोगल साधनांत तिचा उल्लेख मरियम-उझ-झमानी या पदवीने येतो. ‘जोधाबाई’ हे नाव वस्तुतः जोधपूरच्या राजकन्येला, म्हणजे जहांगीरच्या पत्नीला आणि शाहजहानच्या मातेला, शोभणारे आहे. सासू आणि सून यांच्या नावांची ही अदलाबदल एकोणिसाव्या शतकात, विशेषतः जेम्स टॉडच्या राजस्थानविषयक ग्रंथानंतर, रूढ झाली. फत्तेपूर सिक्रीतील एका प्रासादालाही तेच नाव चिकटले. मराठी रंगभूमी-चित्रपटांतून आलेल्या दुर्गा खोटे यांनी १९६० मध्ये त्या नावाला एक सोज्ज्वळ चेहरा दिला. २००८ मध्ये गोवारीकर यांनी ‘जोधा अकबर’ केला तेव्हा नावावरून राजस्थानात तीव्र विरोध झाला. चित्रपटाच्या आरंभी नावाविषयी खुलासा होता. तथापि खुलासा काही क्षण दिसतो आणि नाव तीन तासांहून अधिक काळ ऐकू येते. स्मरणात काय राहणार हे सांगावयास नको.

यावरून असे दिसून येते की, चित्रपटातील गंभीर चुकीला एक वंशावळ असते. दंतकथा, प्रवासवर्णन, नाटक वा कादंबरी आणि मग चित्रपट, असा तिचा प्रवास होतो. दृश्यातील चूक म्हणजे सातत्य तुटणे. ऐतिहासिक चूक म्हणजे चुकीचेच सातत्य टिकणे.

५. मराठी इतिहासपटांचा अनुभव

हाच क्रम मराठ्यांच्या इतिहासावरील चित्रपटांतही आढळतो. तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमावर बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट केला. त्याच नावाचा प्रभातचा बोलपट १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला. त्यामागे हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीची प्रेरणा होती. कडा चढण्यासाठी वापरलेली घोरपड पोवाड्यात येते; सभासदाच्या बखरीत ती नाही. तानाजींच्या मृत्यूमुळे कोंढाण्याला सिंहगड हे नाव पडले, असे आपण बालपणापासून ऐकत आलो. परंतु १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारातही सिंहगड हे नाव आढळते, हे इतिहाससंशोधकांनी दाखवून दिले आहे. २०२० मधील ‘तान्हाजी’ या चित्रपटात तर ‘नागिन’ नावाची एक प्रचंड तोफ कथेच्या केंद्रस्थानी आली. पोवाड्याने घोरपड दिली, कादंबरीने भावबंध दिले, चित्रपटाने तोफ दिली; प्रत्येक पिढीने आपापली भर घातली.

‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) हा ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर आधारलेला आहे. काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचताना दाखविणाऱ्या ‘पिंगा’ या गीताला पेशव्यांच्या वंशजांनी आणि अनेक अभ्यासकांनी आक्षेप घेतला. काशीबाईंना पायाचे दुखणे होते, तसेच पेशव्यांच्या घरातील स्त्रियांनी असे नाचणे त्या काळात संभवत नव्हते, हे त्यातील मुख्य मुद्दे होते. शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ या कादंबरीवरील त्याच नावाच्या चित्रपटाच्या (२०२५) झलकीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले. आक्षेपानंतर प्रदर्शनापूर्वीच ते दृश्य वगळण्यात आले. शिर्के घराण्याच्या वंशजांनीही आपल्या पूर्वजांच्या चित्रणाला हरकत घेतली आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली.

या घटनांतून एक गोष्ट लक्षात येते. जी चूक डोळ्यांना दिसते, म्हणजे नृत्य, पोशाख वा लेझीम, तिच्यावर वाद लवकर पेटतो आणि दुरुस्तीही लवकर होते. जी चूक कथेच्या बांधणीत मुरलेली असते तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. राज्यकारभार, महसूल, दुष्काळ, फौजेचे पगार, वतनांचे तंटे हे सर्व वगळून इतिहास म्हणजे केवळ एका पुरुषाचा पराक्रम आणि एका माणसाची फितुरी असे मांडणे, ही लेझमीपेक्षा कितीतरी मोठी चूक आहे. तिच्याविरुद्ध मोर्चे निघत नाहीत, कारण ती आपल्याला आवडते. शिवाय आक्षेप घेणारे बहुधा आपापल्या घराण्याच्या वा समाजाच्या प्रतिष्ठेसाठी उभे राहतात. पुराव्याच्या प्रतिष्ठेसाठी उभे राहणारे थोडे असतात.

६. चूक हेही एक साधन

असे असले तरी चुकांची यादी करून थांबणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. चूक हेही एक साधन आहे. मात्र ते चित्रित काळाचे नव्हे, चित्रणकाळाचे साधन आहे. ‘मुघल-ए-आझम’मध्ये हिंदुस्थान स्वतःच निवेदक म्हणून बोलतो, अकबराच्या महालात जन्माष्टमी साजरी होते आणि एक सामान्य मुलगी बादशहाच्या डोळ्यांना डोळा भिडवते. १६०० च्या दरबाराविषयी यातून फारसे काही कळत नाही. परंतु फाळणीच्या जखमा ताज्या असताना, नुकतेच प्रजासत्ताक झालेल्या देशाला आपला भूतकाळ कसा असावा असे वाटत होते, हे मात्र यातून स्पष्टपणे कळते. या दृष्टीने अंधेरीतील शीशमहाल हा १९५० च्या दशकातील भारताचा अस्सल दस्तऐवज आहे. त्याच न्यायाने ‘तान्हाजी’तील तोफ सतराव्या शतकाविषयी नव्हे, तर आपल्या काळाच्या आवडीविषयी साक्ष देते.

इतिहासाच्या वर्गात या दृष्टीचा उपयोग होऊ शकतो. विद्यार्थी चित्रपट पाहूनच वर्गात येतात, ही वस्तुस्थिती आहे. चित्रपट खोटा आहे एवढेच सांगितल्याने त्यांचे समाधान होत नाही, आणि उत्तरपत्रिकेतून जोधाबाईही जात नाही. त्याऐवजी त्यांना प्रश्न विचारावयास शिकविले पाहिजे. हे दृश्य कोणत्या कादंबरीतून आले? कादंबरीकाराने ते कोठून घेतले? त्या साधनाचा काळ कोणता? ते घटनेपासून किती दूर आहे? साधनचिकित्सेचे हे मूलभूत प्रश्न कोरड्या व्याख्यानापेक्षा एका गाण्याच्या निमित्ताने अधिक सहजपणे समजतील.

७. समारोप

अखेरीस पुन्हा मरोळच्या त्या चर्चकडे वळू. ज्या १५७९ साली ते बांधले गेले, त्याच वर्षी अकबराचा दूत गोव्यात पोहोचला आणि बादशहाच्या वतीने त्याने जेझुइट धर्मगुरूंना दरबारी येण्याचे निमंत्रण दिले. रुडॉल्फ अक्वाविवा, आंतोनियो मॉन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिकेस हे तिघे नोव्हेंबरमध्ये गोव्याहून निघाले आणि १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. मॉन्सेरातने राजपुत्र मुरादला शिकविले, अकबराबरोबर काबूलच्या मोहिमेत प्रवास केला आणि पाहिलेल्या गोष्टींचा वृत्तांत लॅटिनमध्ये लिहून ठेवला. अक्वाविवा गोव्यास परतला आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे मारला गेला.

म्हणजे अकबराच्या दरबाराचे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आपल्यासाठी मागे ठेवणाऱ्या संघानेच मरोळजवळचे हे चर्च उभारले होते. अकबराचा खरा काळ या परिसराला अगदी जवळून स्पर्श करून गेला आहे. तो शोधण्यासाठी आरशांच्या महालात जाण्याची आवश्यकता नाही; सीप्झच्या कुंपणामागील शेवाळलेल्या भिंतींपाशी थोडा वेळ उभे राहिले तरी पुरेसे आहे. शीशमहालाचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो आरसा आहे, आणि आरशात पाहणाऱ्याचाच चेहरा दिसतो, एवढे भान प्रेक्षकाने आणि अभ्यासकाने ठेवले तर चुकीचे सातत्य कोठेतरी खंडित होऊ शकेल.